संवाद आठवतो, चित्रपट सापडत नाही: जुन्या फिल्म न्वारचा माग कसा काढायचा

तक्रार ठरलेली असते. जुना इंग्रजी पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट. हॅटवाला माणूस. सिगारेट ओढणारी बाई. खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली, बाहेर ओला रस्ता. आणि एक वाक्य, जे ‘अगदी शब्दन् शब्द’ आठवतंय. ते वाक्य इंग्रजीत टाइप करून, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावून शोधलं की काहीच हाती लागत नाही, नाहीतर भलतंच काहीतरी समोर येतं. जुन्या चित्रपटांचं वेड असल्याचं चार लोकांना कळलं की अशा तक्रारी आपोआप आपल्याकडे वळतात. उत्तर शोधताना मी साधारण ज्या वाटेनं जाते ती इथे मांडतेय.

आधी हॅट, सिगारेट, सावल्या आणि ओला रस्ता बाजूला ठेवा. तो या चित्रपटांचा गणवेश आहे, सगळ्यांच्याच अंगावर सापडेल. युद्धामुळे फ्रान्सपर्यंत न पोचलेले अमेरिकन चित्रपट १९४६ मध्ये पॅरिसला एकापाठोपाठ एक लागले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकाला त्यांच्यातला काळोख एकसारखा वाटला आणि ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, हे नाव चिकटलं. एकमेकांसारखं दिसणं हेच ज्यांचं लक्षण, त्यांना दिसण्यावरून काय ओळखणार? ओळख पटते बोलण्यावरून. अडचण एवढीच, की जे बोलणं आपल्याला आठवतं ते पडद्यावर त्याच रूपात बहुधा नसतं.

अवतरणचिन्हं काढून टाका

आठवणीला वाक्याचा शेवट ठसकेबाज लागतो, म्हणून ती वाक्य परस्पर दुरुस्त करून ठेवते. ‘व्हाइट हीट’ (१९४९) च्या शेवटी जेम्स कॅग्नी गॅसच्या टाकीवर उभा राहून ओरडतो, “मेड इट, मा! टॉप ऑफ द वर्ल्ड!” लोकांच्या तोंडी मात्र बसलंय “टॉप ऑफ द वर्ल्ड, मा!” ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये जिना उतरून आलेली ग्लोरिया स्वॉन्सन आधी “ऑल राइट, मिस्टर डमिल” म्हणते आणि मग क्लोज-अपसाठी आपण तयार असल्याचं सांगते. आठवताना मिस्टर डमिल वाक्याच्या शेपटाला जाऊन बसतात. दोन्हीकडे हललंय ते हाक मारलेलं नाव. कधी आठवण पदरचा शब्दही घालते. ‘कॅसाब्लांका’ (१९४२) ला न्वार म्हणायचं की नाही यावर रात्रभर भांडता येईल, पण “प्ले इट अगेन, सॅम” हे वाक्य त्यात कुणीच म्हणत नाही. इंग्रिड बर्गमन नुसतं “प्ले इट, सॅम” म्हणते. एवढी गाजलेली वाक्यं जर अशी बदलत असतील, तर एकदाच पाहिलेल्या चित्रपटातलं वाक्य जसंच्या तसं राहिलं असेल ही आशा सोडलेली बरी.

म्हणून शोधताना हाक मारलेलं नाव काढा, अवतरणचिन्हं काढा आणि उरलेल्यातले तीन-चार वजनदार शब्द तेवढे ठेवा.

नाव काढण्याला आणखी एक कारण आहे. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९४४) मधला ‘शिट्टी वाजवता येते ना’ हा संवाद ज्याला आठवतो त्याला ‘स्टीव्ह’ हे नावही आठवतं, कारण लॉरेन बकॉल हम्फ्री बोगार्टला तेच म्हणते. पण पात्राचं नाव आहे हॅरी मॉर्गन. पात्रांच्या यादीत स्टीव्ह शोधत बसलात तर दिवस जाईल. ‘द किलर्स’ (१९४६) मध्ये बर्ट लँकेस्टरला जो तो ‘स्वीड’ म्हणतो. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मध्ये रॉबर्ट मिचम छोट्या गावातल्या पेट्रोलपंपावर जेफ बेली असतो आणि आधीच्या आयुष्यात जेफ मार्कम. न्वारमधल्या माणसांना आपलं खरं नाव परवडत नाही. तेव्हा नावावर भिस्त ठेवू नका.

वाक्य सोडा, जागा धरा

आपल्याकडे या दुखण्याला एक जास्तीचा फाटा आहे. वाक्य ऐकलेलं असतं इंग्रजीत, पण वर्षानुवर्षं मनात राहतं ते मराठी होऊन. मग कुणी म्हणतं, “हळूहळू हरायची एक पद्धत असते, असं काहीतरी तो तिला सांगतो.” याचं पुन्हा इंग्रजी करायला गेलं तर दहा प्रकारे होतं, आणि त्यातल्या निम्म्या प्रकारांनी शोधल्यावर वजन हळूहळू कसं कमी करावं याचे सल्ले समोर येतात.

अशा वेळी वाक्याची पाठ सोडायची आणि विचारायचं, ती दोघं होती कुठे? उत्तर मिळतं, “जुगाराच्या टेबलापाशी. ती वाट्टेल तसे पैसे लावत होती.” संपलं काम. रूलेटचं टेबल, पैसे उधळणारी बाई, शेजारी झोपाळू डोळ्यांचा माणूस. हा वर सांगितलेला ‘आउट ऑफ द पास्ट’च. अकापुल्कोमध्ये जेन ग्रीअर जिंकायचा काही मार्ग असतो का म्हणून विचारते आणि मिचम म्हणतो की जरा सावकाश हरायचा असतो. याच चित्रपटात समुद्रकिनाऱ्यावर वाळत घातलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांपाशी ती आपण चोरी केली नसल्याच्या आणाभाका घेते आणि तो “बेबी, आय डोन्ट केअर” म्हणतो. ज्याला ते वाक्य आठवत नाही, त्यालाही जाळी आठवतात. म्हणून कागदावर लिहायचं ते हे: कोण बोललं, कुणाला उद्देशून, कुठे उभं राहून, आणि हातात किंवा समोर कुठली वस्तू होती. क्रियापदं घसरतात. वस्तू बऱ्यापैकी जागेवर राहतात.

बऱ्यापैकीच म्हणतेय, कारण कधीकधी वस्तूसुद्धा दगा देते. “एक ट्रॅफिक पोलीस बाईला, नाहीतर बाई ट्रॅफिक पोलिसाला, वेगमर्यादेवरून झापते” हे वर्णन मी एकाहून अधिक लोकांच्या तोंडून ऐकलंय. पोलीस नाही, गाडी नाही, रस्ताही नाही. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मध्ये विमा विकायला आलेला फ्रेड मॅकमरे घरच्या मालकिणीशी, म्हणजे बार्बरा स्टॅनविकशी, दिवाणखान्यात बसून लगट करू पाहतो. ती म्हणते, या राज्यात वेगमर्यादा आहे मिस्टर नेफ, ताशी ४५ मैल. तो विचारतो, मी कितीनं चाललो होतो, ऑफिसर? ती म्हणते, नव्वदच्या आसपास. पुढे काही वाक्यं दोघंही पोलीस आणि गुन्हेगार झाल्याचं सोंग न सोडता बोलत राहतात. मनात चित्र उमटतं ते वाक्यांतल्या गाडीचं, आणि नवऱ्याच्या घरातला तो सोफा पुसला जातो.

हे आडवळणाचं बोलणं ही या चित्रपटांची खूणच आहे. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे राबवली जात होती. सरळ बोलायला बंदी, म्हणून लेखक वेगमर्यादेआडून बोलायचे. ‘द बिग स्लीप’ (१९४६) मध्ये बोगार्ट आणि बकॉल असंच घोड्यांच्या शर्यतीविषयी बोलतात आणि ते घोड्यांविषयी नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा आठवणीत एखादं विचित्र, लांबलेलं रूपक असेल तर ते जपून ठेवा. ते वाक्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

त्याच संहितेचा शोधायला उलटाही उपयोग होतो. आठवणीत सणसणीत शिवी असेल तर तो त्या काळातला हॉलिवूडचा चित्रपट असण्याची शक्यता जवळजवळ सोडून द्या. गुन्हेगार पैसे घेऊन सुखरूप निसटला असं आठवत असेल तरी तेच, किंवा मग तुम्ही शेवट पाहिलाच नाही. संहितेप्रमाणे गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. ब्रिटिश आणि फ्रेंच चित्रपटांना हा हिशेब लागू नाही.

कुठे पाहिला होतात?

हा प्रश्न विचारल्यावर लोक गोंधळतात. पिक्चर कुठला ते सांगा, कुठे पाहिला याच्याशी काय देणंघेणं? पण माझ्या मते याइतका भेदक प्रश्न दुसरा नाही.

नव्वदच्या दशकात केबल असलेल्या घरात वाढलेल्यांना आठवत असेल, दिवसभराचं कार्टून नेटवर्क संपलं की रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी लागायचं आणि टॉम-जेरीच्या जागी हॅटवाली माणसं यायची. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची न्वारशी ओळख झाली ती अशी, झोपायची वेळ टाळताना. आता यातली मेख बघा. ते चॅनेल टर्नर कंपनीचं. टेड टर्नरनं १९८६ मध्ये एमजीएम विकत घेतली. स्टुडिओ त्याच्याकडे टिकला नाही, पण जुन्या चित्रपटांचा साठा त्यानं ठेवून घेतला. त्यात एमजीएमचे स्वतःचे चित्रपट होते आणि वॉर्नर ब्रदर्सचे १९५० च्या आधीचेही. चॅनेल साहजिकच घरचा माल आधी दाखवणार. म्हणून ‘टीएनटीवर पाहिला’ असं कुणी म्हणालं की मी आधी वॉर्नर आणि एमजीएम बघते: ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१), ‘मिल्ड्रेड पिअर्स’ (१९४५), ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९४६), ‘द बिग स्लीप’, ‘डार्क पॅसेज’ (१९४७), ‘की लार्गो’ (१९४८), ‘व्हाइट हीट’, ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०). पॅरामाउंटचा ‘डबल इन्डेम्निटी’, फॉक्सचा ‘लॉरा’ (१९४४), कोलंबियाचे ‘गिल्डा’ (१९४६) आणि ‘द बिग हीट’ (१९५३) नंतर. शेकड्यांची यादी अशी दहा-पंधरावर येते.

यूट्यूबवर किंवा फुटपाथवरच्या स्वस्त डीव्हीडीत पाहिला असेल तर यादी वेगळी. अमेरिकेत त्या काळी चित्रपटाचे हक्क २८ वर्षांनी नव्यानं नोंदवावे लागत. ज्यांनी नोंदवले नाहीत त्यांचे चित्रपट सार्वजनिक झाले आणि कुणीही ते छापू लागलं. ‘डीटूर’ (१९४५), ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), ‘द स्ट्रेंज लव्ह ऑफ मार्था आयव्हर्स’ (१९४६), ‘टू लेट फॉर टिअर्स’ (१९४९), ‘डी.ओ.ए.’ (१९५०), ‘कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल’ (१९५२), ‘द हिच-हायकर’ (१९५३) हे त्यांतले. प्रिंट खराब होती, आवाज खरखरत होता असं आठवत असेल तर इथे आधी बघा.

पुण्यात उन्हाळ्यात भरणाऱ्या चित्रपट रसास्वाद वर्गात किंवा फिल्म सोसायटीत पाहिला असेल, तर निराळीच पंचाईत. तिथे एका दिवसात दोन-तीन चित्रपट दाखवतात, चर्चा होते, तुकडे पुन्हा दाखवतात. काही वर्षांनी त्या सगळ्यांचा एकच चित्रपट होतो. अशा वेळी जुनी वही शोधा. तिथे जाणारे लोक टिपणं काढतात.

आणि एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं आणि काळा-पांढरा टीव्ही त्यानंतरही कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू होता. त्या टीव्हीवर पाहिलेला प्रत्येक चित्रपट काळा-पांढराच आठवणार. ‘लीव्ह हर टू हेवन’ (१९४५) आणि मर्लिन मन्रोचा ‘नायगारा’ (१९५३) हे भडक टेक्निकलरमधले न्वार आहेत. ‘चायनाटाउन’ (१९७४) रंगीत आहे, पण कथा १९३७ ची, त्यामुळे हॅट आणि गाड्या जुन्याच. ‘ब्लॅक अँड व्हाइट होता’ या साक्षीवर विश्वास ठेवण्याआधी, घरी टीव्ही कुठला होता तेही विचारा.

तीन चित्रपटांचा एक चित्रपट

ओळखीतल्या एका काकांचं वाक्य असं होतं. “खुनाची तक्रार द्यायला आलोय.” “कुणाचा खून?” “माझा.” इतका नेमका संवाद, म्हणजे चुटकीसरशी सापडायला हवा. पण काका पुढे सांगत गेले: नायक विमा कंपनीत नोकरीला, रात्री रिकाम्या ऑफिसात बसून सगळी हकिकत यंत्रात बोलून ठेवत होता, आणि त्याचं प्रेत पोहण्याच्या तलावात तरंगत होतं. हे सगळं एकत्र असलेला चित्रपट कुणी काढलेलाच नाही. घरातल्यांनी या सगळ्या खुणा एकदम टाकून शोधलं होतं, त्यामुळे दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

इथे नेमका एक प्रश्न लागतो. गोष्ट सांगणारा माणूस मेलेला होता, मरत होता, की जखमी होता?

मेलेला असेल तर ‘सनसेट बुलेव्हार्ड’. विल्यम होल्डन तलावात पालथा तरंगतोय, कॅमेरा पाण्याखालून वर बघतोय, आणि तोच आपली गोष्ट सांगतोय. (आधी या चित्रपटाची सुरुवात शवागारात होती, प्रेतं आपापसात गप्पा मारत. चाचणीच्या खेळात लोक हसले, म्हणून दिग्दर्शक बिली वाइल्डरनं ते काढून टाकलं.) जखमी असेल तर ‘डबल इन्डेम्निटी’. खांद्यात गोळी घेऊन आलेला मॅकमरे ऑफिसातल्या डिक्टाफोनमध्ये बोलतो, आणि बोलतो तेही ऑफिसच्या टिपणासारखं, वॉल्टर नेफकडून बार्टन कीजला, तारीख १६ जुलै १९३८. खून पैशासाठी आणि बाईसाठी केला, पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही, हे त्याच यंत्रात सांगितलेलं.

आणि मरत असेल तर ‘डी.ओ.ए.’. पोलीस ठाण्यातल्या लांबलचक मार्गिकेतून एक माणूस चालत जातो, कॅमेरा पाठीमागून. तो खुनाची तक्रार करतो आणि मयत म्हणून स्वतःला सादर करतो. एडमंड ओब्रायनचा फ्रँक बिगेलो हा कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा हिशेबनीस आणि नोटरी. सॅन फ्रान्सिस्कोला मजा करायला गेलेला असताना जॅझ क्लबमध्ये त्याच्या पेयात विष मिसळलं जातं. कारण काय, तर त्यानं कधीतरी इरिडियमच्या विक्रीच्या एका कागदावर शिक्का मारलेला असतो. दिवसाकाठी पंचवीस कागदांवर शिक्के मारणाऱ्या आपल्याकडच्या नोटरींनी हा चित्रपट जरूर बघावा.

काकांचा संवाद इथला, यंत्र दुसऱ्यातलं, तलाव तिसऱ्यातला. तिघांना बांधणारा दोरा एकच, मरणाच्या दारातून मागे वळून सांगितलेली गोष्ट. अशी सरमिसळ नेहमी सारख्या सांगाड्याच्या चित्रपटांत होते, वाटेल त्या दोन चित्रपटांत होत नाही. म्हणून एकच खूण उरलेल्यांशी फटकून वागत असेल तर ती खोटी समजून टाकू नका, तिला वेगळ्या चित्रपटाची म्हणून बाजूला काढून ठेवा.

तरी एक पेच राहिलाच. ‘डी.ओ.ए.’ १९८८ मध्ये नव्यानं निघाला, डेनिस क्वेडला घेऊन, आणि तोही पोलीस ठाण्यात सुरू होतो, तेवढा भाग काळा-पांढराच. मग विचारायचं, नायकाचा पेशा काय? नव्यात तो कॉलेजात इंग्रजी शिकवतो. काकांना पेशा आठवेना. मात्र मध्येच ते म्हणाले, “आणि बायका दिसल्या की मागे शिट्टी वाजायची हो, कार्टूनसारखी.” मूळ चित्रपटात बिगेलो हॉटेलात पोचतो तेव्हा समोरून बायका गेल्या की ध्वनिपट्टीवर खरोखरच तसली आचरट शिट्टी वाजते. इतका गंभीर चित्रपट, आणि ही कुणाची कल्पना, देव जाणे. पण काकांचा चित्रपट तिनंच पक्का केला. लोक अशी गोष्ट सांगायला लाजतात, वाटतं आपलाच काहीतरी घोळ होतोय. विसंगत, हास्यास्पद वाटणारा तपशील आवर्जून विचारा. तसला तपशील मनाला स्वतःहून सुचत नाही.

दुसऱ्या कुणाला विचारायचं झालं तर मजकूर साधारण असा असावा: “१९९७-९८ च्या सुमारास रात्री टीव्हीवर, मधूनच पाहिला. तुरुंगातून सुटलेला वयस्कर माणूस दागिन्यांच्या दरोड्याची आखणी करतो. कुणीतरी म्हणतं की गुन्हा म्हणजे डाव्या हातानं केलेली मेहनतच. शब्द नक्की नाहीत. बोलणारा वकील असावा, बायको आजारी, अंथरुणाला खिळलेली. शेवटी घोडे आणि कुरण.” यात ‘शब्द नक्की नाहीत’ हे तीन शब्द फार मोलाचे आहेत, नाहीतर वाचणारा वाक्यच शोधत बसतो. (हा ‘द ॲस्फाल्ट जंगल’, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन.)

उसनी वाक्यं

कधी वाक्य बरोबर असतं पण तुम्ही ते मूळ चित्रपटात ऐकलेलंच नसतं. ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लॅड’ (१९८२) या विडंबनात स्टीव्ह मार्टिनचा गुप्तहेर जुन्या न्वारमधल्या खऱ्या दृश्यांतल्या नटांशी बोलतो. बोगार्ट, स्टॅनविक, कॅग्नी, लँकेस्टर सगळे त्यात सापडतात. बोगार्ट आणि लँकेस्टर एकाच गोष्टीत होते असं कुणी ठामपणे म्हणालं की मला आधी या चित्रपटाचा संशय येतो. वेशभूषाकार एडिथ हेड यांचा हा शेवटचा चित्रपट. ‘डबल इन्डेम्निटी’मधले स्टॅनविकचे कपडेही त्यांचेच, त्यामुळे जुन्या-नव्याचा सांधा कपड्यांतसुद्धा दिसत नाही.

पुस्तकांकडेही सावधपणे जा. ‘द मॉल्टीज फाल्कन’मधलं स्वप्नांविषयीचं शेवटाकडचं वाक्य डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीत नाही, आणि शोधायला गेलं तर माणूस थेट शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये जाऊन पडतो, कारण ते तिथूनच थोडं वाकवून घेतलंय. ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मधलं व्हिएन्नाच्या आकाशपाळण्याजवळचं ककू घड्याळाचं भाषण पटकथाकार ग्रॅहम ग्रीनच्या नावावर खपतं, पण ते म्हणणाऱ्या ऑर्सन वेल्सनंच ते घातलेलं आहे. ‘डबल इन्डेम्निटी’च्या कादंबरीत तर नेफचा हफ आहे.

बोलणारा पुरुष की बाई, यावरून नवरा-बायकोत वाद लागला असेल तर दोघंही बरोबर असू शकतात. ‘इन अ लोन्ली प्लेस’ (१९५०) मध्ये पटकथालेखक असलेला बोगार्ट गाडीत ग्लोरिया ग्रॅहमला एक वाक्य ऐकवतो, ती चुंबन घेते तेव्हा जन्मलो, सोडून गेली तेव्हा मेलो, अशा अर्थाचं. शेवटी त्यातलाच तुकडा तिच्या तोंडी येतो.

नाव मिळालं, आता खातरजमा

हल्ली बरेच जण सरळ चॅटबॉटला विचारतात. विचारा की, पण त्यानं दिलेलं नाव हा निकाल समजू नका. तो छातीठोकपणे एक नाव देतो, आणि पुरावा म्हणून तुमचंच वाक्य त्या पात्राच्या तोंडी घालून परत देतो. मी त्याच्याकडून फक्त उमेदवार मागते: अमुक प्रसंग असलेले पाच-सहा चित्रपट सांग, संवाद सांगू नकोस. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूचीही इंटरनेटवर फुकट बघता येते. तिच्यातली कथासारं लांबलचक आणि रुक्ष आहेत, म्हणूनच कामाची.

उमेदवार मिळाला की त्याची सबटायटलची फाइल मिळवा. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. कंट्रोल-एफ दाबून एकच शब्द शोधा, पूर्ण वाक्य नको. समजा, खुनाला कधीकधी फुलांचा वास येतो असं काहीतरी आठवतंय आणि फुलाचं नाव आठवत नाही. तर नुसता ‘स्मेल’ शोधा. ‘डबल इन्डेम्निटी’त हनीसकलचं वाक्य लगेच सापडतं, आणि शेजारी लिहिलेल्या वेळेवर चित्रपट नेला की दृश्य समोर येतं. शब्द सापडला नाही म्हणून लगेच उमेदवार बाद करू नका. वाचायला वेळ मिळावा म्हणून सबटायटलवाले वाक्यं छाटतात. कर्णबधिरांसाठी केलेली फाइल मिळाली तर ती घ्या, त्यात सहसा सगळं असतं.

चित्रपट तोच, पण वाक्य नाही

हे सगळ्यांत वैतागवाणं. प्रसंग जुळतात, नट जुळतात, तेवढं वाक्य गायब. अशा वेळी चित्रपटाची आवृत्ती तपासा.

‘द थर्ड मॅन’च्या सुरुवातीचं निवेदन ब्रिटिश प्रतीत दिग्दर्शक कॅरल रीडच्या आवाजात आहे, कुणा अनाम काळाबाजारवाल्याच्या तोऱ्यात. अमेरिकन प्रतीत तेच जोसेफ कॉटनच्या आवाजात, नायकाच्या तोंडून येतं, आणि ती प्रत काही मिनिटांनी लहानही आहे. ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) चे तर तीन अवतार: प्रदर्शित झालेला, सत्तरच्या दशकात सापडलेला जास्त लांबीचा, आणि दिग्दर्शक वेल्सच्या ५८ पानी टिपणाबरहुकूम १९९८ मध्ये जुळवलेला. पहिल्यात सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध लांब शॉटवर नावं आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. १९९८ च्या प्रतीत दोन्ही काढलंय, त्यामुळे रस्त्यावरचं बोलणं आणि गाड्यांमधली गाणी ऐकू येतात. १९९८ च्या आधीची प्रत पाहिलेल्याला तिथलं काहीच आठवणार नाही, ते साहजिक आहे.

‘द बिग स्लीप’ही दोन प्रकारे मिळतो. १९४५ ची प्रत परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवली होती. तिच्यात सरकारी वकिलाच्या कचेरीत बसून आतापर्यंत काय काय झालं याची उजळणी होते. १९४६ मध्ये प्रदर्शित करताना ती उजळणी गेली आणि घोड्यांच्या शर्यतीचा संवाद नव्यानं चित्रित होऊन आत आला. गोष्ट आणखीच अगम्य झाली, पण चित्रपट जास्त मजेदार झाला, असं माझं मत. तुमच्या आठवणीत कुणीतरी सगळं नीट समजावून सांगत असेल, तर ११६ मिनिटांची प्रत शोधा. प्रदर्शित झालेली ११४ मिनिटांची आहे.